अ‍ॅस्ट्रिया
मंगळ-गुरू यांच्या कक्षांदरम्यानचा लघुग्रह, क्रमांक ५. कार्ल हेन्के यांनी ८ डिसेंबर १८४५ रोजी शोधला. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. नाव ग्रीक न्यायदेवतेचे. माणसांचा अधर्म पाहून ती सर्व देवतांच्या शेवटी पृथ्वी सोडून गेली आणि आकाशात कन्या रास झाली, अशी कथा. त्यावरून पाश्चात्त्य ज्योतिषी या लघुग्रहाकडे न्यायबुद्धी आणि धरलेले न सोडण्याची वृत्ती सोपवतात. या समजाला वैज्ञानिक आधार नाही. मराठी पंचांगांचा भर नवग्रहांवर असतो. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात कन्या राशीचे मोल वेगळेच: सप्टेंबरअखेर सूर्य याच राशीतल्या हस्त नक्षत्रात येतो, तेव्हा खाचरांत लोंब्या भरत असतात. हस्ताचा पाऊस बेताचा पडला तर दाणा पोसतो. वाऱ्यासह झोडपला तर पीक आडवे होते.