बोगन कोण होता?

रोपवाटिकेत 'बोगनवेल' असे पूर्ण नाव क्वचितच ऐकू येते. तिथे नुसते 'बोगन' म्हणतात. "लाल बोगन आहे, पांढरी संपली, दुरंगी हवी तर मेरी पामर घ्या." पुण्याजवळच्या एका रोपवाटिकेत मी माळीमामांना सहज विचारले, "मामा, बोगन म्हणजे काय हो?" हातातली काटेरी फांदी त्यांनी जपून बाजूला ठेवली. "बोगन म्हणजे बोगन. मोगरा म्हणजे काय ते सांगता येतं का तुम्हाला?"

मला सांगता आले नाही. पण बोगनचे मोगऱ्यासारखे नाही, तिची जन्मकुंडली सापडते. मराठी कानाला हे नाव नागवेल, गारवेल, अमरवेल यांच्याच रांगेतले वाटते. शेवटी वेल, आधी काहीतरी विशेषण. गंमत अशी की मुळात या नावात वेल नाहीच. आहे ते एक आडनाव, आणि त्या आडनावात आहे गाव.

लुई आंत्वान द बुगँव्हिल (१७२९–१८११) हा फ्रेंच माणूस. फ्रेंचमध्ये 'व्हिल' म्हणजे गाव किंवा शहर, आणि आडनावाआधीचा 'द' साधारण आपल्या 'कर'चे काम करतो. म्हणजे हे गृहस्थ रत्नागिरीकडे जन्मले असते तर बोगनगावकर झाले असते. पंचविशीत त्याने कलनशास्त्रावर ग्रंथ लिहायला घेतला, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले, मग तो कॅनडात इंग्रजांशी लढला आणि एवढे सगळे झाल्यावर दर्यावर्दी झाला. १७६६ ते १७६९ या काळात त्याने फ्रान्सच्या राजासाठी पृथ्वीप्रदक्षिणा केली. जहाजे दोन. त्याच्या स्वतःच्या जहाजाचे नाव 'ला बुदूझ', म्हणजे रुसूबाई. सामानाच्या जहाजाचे 'एतवाल', म्हणजे तारा. १७६७च्या जूनमध्ये ही दोन्ही जहाजे ब्राझीलच्या रिओ द जानेरो बंदरात एकमेकांना भेटली.

वेल तिथली. पण बुगँव्हिलने ती शोधली नाही. 'तारा'वर फिलिबेर कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याच्यासोबत झाँ बारे नावाचा मदतनीस. कोमेर्सोंच्या पायाला चिघळलेली जखम होती. डोंगर चढणे दूरच, धड चालणेही अवघड. वनस्पती दाबून वाळवायच्या चौकटी, शिधा, बंदूक हे सगळे ओझे मदतनीस वाहायचा. बुगँव्हिलच्या दोन्ही जहाजांवर त्याच्याइतका काटक माणूस नव्हता असे दिसते. आणि तो माणूस पुरुष नव्हता. फ्रेंच आरमारात जहाजावर बाईला बंदी होती, म्हणून कोमेर्सोंचे घर सांभाळणारी झान बारे छातीला कापड आवळून, पुरुषी कपडे घालून, नावातला एवढासा फरक करून बोटीवर चढली होती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ताहितीला पोहोचल्यावर हे बिंग फुटले. बुगँव्हिलने तिला शिक्षा केली नाही. उलट पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ही पहिलीच बाई ठरेल, असे प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले.

रिओजवळच्या झाडीत ती जांभळी-गुलाबी फांदी नक्की कोणाच्या हाताने मोडली, याची साक्ष द्यायला कोणी नाही. पण कोमेर्सोंच्या पायाची अवस्था पाहता ते हात झान बारेचे असावेत, असे काही अभ्यासक मानतात. मलाही तेच पटते. ज्याचा पाय उचलत नाही तो काटेरी जाळीत शिरत नाही.

नाव ठेवले कोमेर्सोंने, मोहिमेच्या प्रमुखाचे. वरिष्ठांना खूश ठेवायची रीत जहाजावरही कचेरीसारखीच असणार. पुढे कोमेर्सों मॉरिशसला उतरला, तिथेच राहिला आणि १७७३मध्ये तिथेच वारला. त्याच्या मृत्यूची बातमी पोहोचण्याआधीच पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याची सदस्य म्हणून निवड केली होती. त्याने जमवलेल्या हजारो वाळक्या फांद्या पॅरिसला गेल्या आणि १७८९मध्ये, फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटली त्याच वर्षी, झुस्यू या शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ही प्रजाती छापली. तीही चुकीच्या वर्णलेखनात: 'बुगिनव्हिलेआ'. बुगँव्हिल तेव्हा जिवंत होता, आपले नाव असे मोडलेले त्याने पाहिले की नाही कोण जाणे. ते स्पेलिंग सावरायला विसावे शतक उजाडले. तेव्हा 'बोगन' म्हणणाऱ्या माळीमामांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. शास्त्रज्ञांच्या पहिल्या छापील पानापासूनच हे नाव कोणाला धड जमलेले नाही.

झान बारेच्या नावाने कोमेर्सोंने एक वेगळीच वनस्पती ठेवली होती, कडुनिंबाच्या कुळातली. ते नाव टिकले नाही. पुढच्या शास्त्रज्ञांनी ती वनस्पती दुसऱ्याच नावाखाली घातली. बाईने मॉरिशसमध्ये एका सैनिकाशी लग्न केले, फ्रान्सला परतली, १७८५मध्ये नौदलखात्याने तिला वर्षाला २०० लिव्हर पेन्शन लावून दिली, आणि १८०७मध्ये ती वारली. वनस्पतींच्या यादीत तिचे नाव पक्के व्हायला २०१२ साल उजाडले. तेव्हा पेरू-इक्वेडोरमधल्या एका वनस्पतीला तिचे नाव मिळाले. ती आपल्या वांग्या-बटाट्याची भावकी.

आता वेलीकडे येऊ. काजू ब्राझीलहून गोव्याला पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला, तशी ही मात्र आली नाही. आपल्याकडच्या उद्यानशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे ती १८६०च्या सुमारास युरोपातून कोलकात्याला आली. ब्राझीलची झुडपे युरोपच्या काचघरांत ऊब घेऊन पुन्हा उष्ण देशात उतरली, असा हा द्राविडी प्राणायाम. बागेतल्या साहेबांनी इंग्रजी धाटणीने 'बोगनव्हिलिया' म्हटले. माळ्यांनी ते ऐकले आणि आपापल्या भाषेत बसवून घेतले. आणि इथे खरी मजा झाली.

हिंदीच्या कानाला त्यात बेगम दिसली: 'बेगम बेलिया'. बंगाली कानाला बाग दिसली: 'बागानबिलास', हे नाव रवींद्रनाथांनी दिले असे सांगतात. मराठी कानाला वेल दिसली. शेपटीचे 'इया' गळून पडले, 'व्हिल'चे 'वेल' झाले आणि कप्तानाचे आडनाव बघता बघता आपल्या परसात रुजले. इंग्रजी 'रिक्रूट'चा 'रंगरूट' करणारी ही तीच खोड आहे. अनोळखी शब्द आला की त्याच्यात ओळखीचा माणूस शोधायचा. तमिळ आणि मल्याळम माणसांनी हा उद्योग केलाच नाही. त्यांनी फूल पाहिले आणि सरळ 'कागदाचे फूल' म्हटले. ब्राझीलमध्ये, म्हणजे तिच्या माहेरी, तिला 'प्रिमावेरा' म्हणजे वसंत म्हणतात, नाहीतर 'त्रेस मारियास', तीन मारिया. कप्तान तिथेही कोणाला आठवत नाही.

तीन मारिया हे नाव सगळ्यांत डोळसपणे ठेवलेले आहे. बोगनवेलीचा एक झुबका हातात घेऊन बघा. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती पाकळी नव्हेच, रंगलेले पान आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत छद. अशी तीन छदे, आणि प्रत्येकाच्या मध्यशिरेला चिकटलेले काडेपेटीच्या काडीएवढे, पांढरट-पिवळसर नळीचे फूल. खरे फूल ते. पान असल्यामुळेच छद लवकर कोमेजत नाही, सुकून कागदासारखे वाजते. तो रंगही जास्वंदीच्या जातीचा नाही. बीट चिरल्यावर बोटांना लागतो त्या घराण्यातला आहे.

म्हणजे फूल फूल नाही, आणि वेलही खरी वेल नाही. कृष्णकमळाला तणावे असतात, गोकर्णी आधाराला वळसे घालत चढते. बोगनकडे यातले काही नाही. ती लांब फांद्या फेकते आणि आकडेबाज काट्यांनी शेजाऱ्याच्या अंगावर रेलते. रीतसर सांगायचे तर ते पसरट झुडूप. मराठीने आधी कान चुकवला, मग डोळाही. तरी फाटकाच्या कमानीवरून ओघळणारी ती गुलाबी झूल पाहताना 'झुडूप' म्हणायला जीभ वळत नाही, हेही खरे.

कुळकथा म्हटले की कूळही सांगायला हवे. बोगनवेल गुलबाक्षीच्या कुळातली. गुलबाक्षीचेही तसेच: तिचा रंगीत भाग पाकळ्यांचा नसतो, निदलांचा असतो. त्याच कुळातली आपल्या मातीतली बाई म्हणजे पुनर्नवा, म्हणजेच शेताच्या बांधावर जमिनीला चिकटून पसरणारी घेटुळी. वैद्यांच्या पुस्तकात मानाचे पान, खुरप्याखाली तण.

पुढची एक गाठ मात्र मला कायम चकित करते. १८२० साली कोलकात्यात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन करणारा विल्यम कॅरी हा तोच पाद्री, ज्याने १८०५मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१०मध्ये पंडित वैजनाथांच्या मदतीने मोडी टाइपात मराठी कोश छापला. त्याच्या कोशात बोगनवेल असणे शक्य नव्हते, वेल यायला अजून अर्धशतक होते. पण त्याच्याच संस्थेच्या बागेत १९४९मध्ये 'मिसेस एच. सी. बक' या वाणाच्या एका फांदीने अचानक रंग बदलला. त्याच झाडावर काही झुबके पांढरे, काही गुलाबी, काही मिश्र. ही 'मेरी पामर'. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही रोपवाटिकेत दुरंगी बोगन मागितली की हीच किंवा हिची लेक पुढे करतात. साधी बोगन पावसाळ्यात जाड काडी टोचली तरी धरते. मेरी पामरला मात्र गुटी बांधतात किंवा डोळा भरतात.

वाणांची नावे वाचत गेलो तर बायकांचीच रांग लागते: मिसेस बट, मिसेस बक, लेडी मेरी बेअरिंग, लखनौची बेगम सिकंदर. गव्हावर काम करणारे बी. पी. पाल हेही बोगनच्या नादी लागलेले. जगभरातल्या बोगनच्या वाणांची नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात फांद्यांना गॅमा किरण देऊनही वाण काढले गेले. एवढ्या बायकांच्या रांगेत झान बारे कुठे मला दिसली नाही.

आज तिला प्रतिष्ठा आहे ती दुभाजकाची. कण्हेरीच्या जोडीने उन्हात, धुरात, टँकर येईल तेव्हाच्या पाण्यावर ती फुलते, आणि सोसायटीच्या भिंतीवर काटेरी तारेचे काम फुकट करते. खरे तर कमी पाण्यामुळेच फुलते. जालन्याचा मोसंबीवाला बहर धरण्यासाठी बागेला ताण देतो, पाणी तोडतो, पाने पिवळी पडू देतो. बोगनचे गणित तेच. मी पहिली दोन वर्षे रोज संध्याकाळी झारीने पाणी घालत होतो. नुसता हिरवा पाला आणि वीतभर काटे.

गेल्या श्रावणात माळीमामा गच्चीवर छाटणीला आले, तेव्हा बोगनच्या कुंडीत एक बारीक, लालसर देठांचे रोप पसरले होते. त्यांनी खुरपे टेकवले. मी म्हटले, "मामा, राहू द्या. घेटुळी आहे, बोगनची चुलत बहीण." त्यांनी एकदा वर पाहिले, एकदा खाली.

"मग दोघींनाही पाणी बेतानंच घाला," म्हणाले, आणि दुसऱ्या कुंडीकडे वळले.