तो नक्की कुणाचा माणूस? शिकागोच्या संघात शिरलेल्या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट



आजची गोष्ट अमेरिकेतली आहे आणि बेसबॉलमधली आहे. तरी लगेच पुढे ढकलू नका. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी काही अडणार नाही. क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे सारखी लागणार आहे. बेसबॉलमध्ये 'मॅनेजर' म्हणजे हॉटेल बुकिंग आणि सामान बघणारा माणूस नव्हे. संघात कोण खेळणार, कोण बसणार, कधी कुणाला काढायचं, हे सगळं तोच ठरवतो. म्हणजे आपला कोच आणि अर्धा कॅप्टन, एकाच माणसात.

तर साल 1938. शिकागो कब्ज नावाचा व्यावसायिक संघ. मालक फिलिप रिगली. हो, च्युइंगगमवाले रिगली, तेच. वडील 1932 साली गेले आणि गमच्या कंपनीबरोबर संघही याच्या गळ्यात पडला. संघ चांगला होता. आधीच्या दोन हंगामांत दुसऱ्या नंबरवर अडकला होता. रिगलीला वाटायचं, कारखान्यात आपण प्रत्येक गोष्ट मोजतो, तपासतो, मग मैदानावर सगळं 'अंदाजपंचे' का चालतं? म्हणून त्यानं एका प्राध्यापकाला बोलावलं. कोलमन ग्रिफिथ, इलिनॉय विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ.

या माणसाकडे नीट बघू, कारण हा कुणी भोंदू नव्हता.

ग्रिफिथ 1918 च्या सुमारास, विद्यार्थी असतानाच, फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांचं निरीक्षण करायला लागला होता. 1923 मध्ये त्यानं विद्यापीठात 'मानसशास्त्र आणि खेळ' या विषयाचा वर्ग सुरू केला. 1925 मध्ये त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. खेळाडू हालचालीला किती वेळ घेतो, स्नायू किती ताणलेले असतात, लक्ष कुठे असतं, हे मोजायची यंत्रं तिथे होती. जवळच उंदीर पाळायची सोयही होती! खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी अमेरिकेतली ही पहिली अशी प्रयोगशाळा मानतात, आणि ग्रिफिथला तिथल्या क्रीडा मानसशास्त्राचा जनक म्हणतात.

त्याआधी कुणी काहीच केलं नव्हतं असं नाही बरं का. 1898 मध्ये नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या माणसानं सायकल शर्यतींचे आकडे चाळले होते. एकटा सायकलस्वार आणि सोबत कुणी असलेला सायकलस्वार, यात सोबतवाला वेगवान. मग त्यानं मुलांना मासेमारीच्या गळाची चक्रं फिरवायला लावली, कधी एकटं, कधी शेजारी स्पर्धक. आता बहुतेक ठिकाणी हा प्रयोग 'स्पर्धेत माणूस जोरात धावतो' एवढाच सांगितला जातो. पण त्याच्या प्रसिद्ध आकड्यांत 40 मुलं होती. त्यातली 20 शेजारी कुणी असताना जोरात फिरवायला लागली. 10 जणांना फरक पडला नाही. आणि उरलेली 10 मुलं अतिउत्साहात, गडबडून, उलट हळू झाली.

मला ती दहा मुलं फार जवळची वाटतात. मी शाळेत खो-खो खेळायचे. सरावात पळायचे बऱ्यापैकी. पण स्पर्धेत पाटीवर बसले, की हातपाय गार. पाठीत खो बसला तरी अर्धा सेकंद कळायचंच नाही की उठायचंय. तालुक्याच्या निवडीआधी आमच्या सरांनी विचारलं होतं, "काय गं, टेन्शन नाही ना?" मी काय म्हणणार? "नाही सर." कारण निवड कोण करणार होतं? सरच. ही गोष्ट मनात ठेवा, आपण परत तिथे येणार आहोत.

तर ग्रिफिथ. त्याचे दोन किस्से सांगते, म्हणजे त्याची नजर कशी होती ते कळेल.

18 ऑक्टोबर 1924. इलिनॉय विरुद्ध मिशिगन, अमेरिकन फुटबॉल. रेड ग्रेंज नावाच्या इलिनॉयच्या पोरानं पहिल्या 12 मिनिटांत चार टचडाऊन केले. सामन्याच्या अगदी पहिल्याच किकवर 95 यार्ड पळाला. हे म्हणजे टेस्ट मॅचच्या पहिल्या तासात कुणी शतक ठोकावं तसं. ग्रिफिथनं नंतर त्याला गाठलं आणि विचारलं, पळताना डोक्यात काय चाललं होतं? ग्रेंजला काहीच सांगता येईना. कोण आडवं आलं, कुठे वळलो, एकही तपशील आठवत नव्हता. ग्रिफिथला यातच खरी गोष्ट दिसली. शरीरात पूर्ण मुरलेली गोष्ट करताना माणूस प्रत्येक पावलाचा विचार करत नसतो.

दुसरा किस्सा. नोत्र दामचा नूट रॉकनी हा त्या काळचा सगळ्यात गाजलेला फुटबॉल कोच. ग्रिफिथनं त्याला पत्र लिहून विचारलं, की तुम्ही म्हणे सामन्याआधी पोरांना भाषणं देऊन पेटवता, खरं का? डिसेंबर 1924 मध्ये रॉकनीचं उत्तर आलं. मतलब असा, की नाही हो, क्वचित कधीतरी सोडलं तर मी तसं करत नाही. ज्यांना खेळायलाच आवडतं अशी पोरं घेतो. गंमत बघा, पुढे 1928 मध्ये आर्मीविरुद्धच्या सामन्यात याच रॉकनीनं केलेल्या भाषणाची दंतकथा झाली, आणि आज जग त्याला भाषणासाठीच ओळखतं.

म्हणजे ग्रिफिथची पद्धत साधी होती. विचारायचं, बघायचं, मोजायचं. 1925 च्या एका लेखात त्यानं स्पष्ट लिहिलं होतं, की मानसशास्त्रज्ञ हा पैसे घेऊन एका संघाला जिंकून देणारा जादूगार नाही. मनाबद्दलची सत्यं सगळ्यांची आहेत, ज्याला वाचायची त्यानं वाचावीत.

पण 1932 मध्ये प्रयोगशाळा बंद पडली. मंदीचा काळ, पैसे आटले. आणि सहा वर्षांनी रिगलीचं बोलावणं आलं. जो माणूस म्हणाला होता की हे ज्ञान कुणा एका संघाला विकायचं नसतं, तो एका संघाच्या पगारावर गेला. मी त्याला दोष देत नाहीये. सहा वर्षं यंत्रं झाकून बसल्यावर कुणीतरी म्हणतंय, हा घे अख्खा संघ, अभ्यास कर. कोण नाही म्हणेल?

ग्रिफिथ आणि त्याचा सहायक जॅक स्टेरेट कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर पोचले. संघाचं हंगामाआधीचं शिबिर तिथे असायचं (बेटही रिगली कुटुंबाचंच, श्रीमंती बघा). सोबत वेगवान कॅमेरे आणि मोजमापाची उपकरणं. खेळाडू शिबिरासाठी आलेत आणि बघतात तर काय, दोन मास्तर वही-पेन घेऊन उभे.

आता मॅनेजरच्या जागी बसून विचार करा. त्याचं नाव चार्ली ग्रिम. हसतमुख, बँजो वाजवणारा, खेळाडूंचा लाडका. ग्रिमला पहिल्या दिवसापासून हे पसंत नव्हतं. नंतर आत्मचरित्रातही त्यानं या दोघांची 'डोकं तपासणारे' म्हणून टिंगल केलीय. ग्रिफिथच्या कागदांत उलटी तक्रार आहे, की मॅनेजर आपलं काम हाणून पाडतोय, खेळाडूंना सहकार्य करू देत नाहीये.

ग्रिफिथचं म्हणणं काय होतं? आज ऐकलं तर अगदी साधं वाटतं. तुमच्या सरावात बराच वेळ नुसतं उभं राहण्यात जातो. फलंदाजांना सोपे चेंडू टाकता, सामन्यात तसे मिळतात का? सराव सामन्यासारखा करा. आज नेट्समध्ये 'टार्गेट एवढं, ओव्हर इतक्या' असं ठरवून खेळवतात ना, तोच विचार. सवयी कशा लागतात, चुकीचं घोटलं तर चुकीचंच कसं पक्कं होतं, हे तो सांगत होता. यात चूक काहीच नव्हती.

घोळ दुसरीकडे होता. ग्रिफिथ हे सगळं लिहून कुणाला देत होता? रिगलीला. थेट मालकाला. आणि त्या अहवालांत फक्त सरावाच्या सूचना नव्हत्या. कुठला खेळाडू कसा आहे, त्याची वृत्ती कशी, त्याच्यात कितपत सुधारणा होईल, हेही होतं. मॅनेजरची कुवत किती, हेसुद्धा.

त्या काळी खेळाडूचा करार मालकाच्या मुठीत असायचा. मनात आलं तर विकून टाकलं, नाहीतर खालच्या संघात पाठवलं. अशा खेळाडूला वहीवाला प्राध्यापक विचारतोय, 'बॅटिंगला जाताना मनात काय येतं?' तो काय सांगणार? मी सरांना सांगितलं तेच. 'काही नाही.'

त्यात मालकाचीही ख्याती अशी, की मानसशास्त्र आणि तोडगा यात त्याला फरक वाटत असेल का, अशी शंका यावी. बिल व्हीक तेव्हा कब्जच्या कार्यालयात होता. त्यानं नंतर लिहिलंय, की रिगलीनं प्रतिस्पर्धी संघांना दृष्ट लावण्यासाठीही एक माणूस पगारावर ठेवला होता! व्हीक मोठा गोष्टीवेल्हाळ माणूस, त्यामुळे थोडं मीठ-मसाला धरून चला. पण खेळाडूंनी ग्रिफिथकडे कुठल्या नजरेनं पाहिलं असेल याची कल्पना येते.

जुलै 1938 मध्ये, हंगाम चालू असतानाच, ग्रिमला काढलं. त्याच्या जागी संघातलाच विकेटकीपर (बेसबॉलमध्ये 'कॅचर' म्हणतात) गॅबी हार्टनेट मॅनेजर झाला. ग्रिफिथच्या अहवालांमुळेच ग्रिम गेला असं मी म्हणणार नाही. पण ड्रेसिंग रूममधल्या माणसांनी काय जोडलं असेल, सांगा. हार्टनेट तर ग्रिफिथला ग्रिमपेक्षा कमी जुमानायचा, आणि ग्रिफिथनंही त्याच्याबद्दल कागदावर काही गोड लिहिलेलं नाही.

आणि मग घडलं काय? 28 सप्टेंबर 1938. पिट्सबर्गविरुद्धचा सामना, लीगचं विजेतेपद पणाला. कब्जच्या मैदानावर दिवे नव्हते (1988 पर्यंत नव्हते!). 5-5 बरोबरी, नववा डाव, दोन बाद, अंधार एवढा की पंचांनी ठरवलेलं, हा डाव संपला की खेळ बंद. हार्टनेट स्वतः बॅट घेऊन उभा. दोन स्ट्राइक झाल्या, आणखी एक चुकली की गेला. पुढचा चेंडू त्यानं थेट मैदानाबाहेर मारला. चेंडू गेला कुठे हे प्रेक्षकांतल्या कित्येकांना दिसलंही नसेल. 6-5. आजही हा फटका 'संधिप्रकाशातला होमर' म्हणून ओळखतात. कब्जनं लीग जिंकली, मग वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजनी त्यांना 4-0 धुतलं, तो भाग वेगळा.

आता बोला. ज्या मॅनेजरला प्राध्यापक नावं ठेवतोय, त्यानंच अंधारात संघ जिंकून दिला. मग प्राध्यापकाचं ऐकतो कोण? पुढच्या दोन वर्षांत काम आकसत गेलं, 1940 मध्ये थांबलंच. शेकडो पानांचे अहवाल कपाटात गेले. ग्रिफिथ विद्यापीठाच्या प्रशासनात वर चढला, 1944 मध्ये प्रोव्होस्ट झाला. खेळाकडे तो परत वळला नाही. 1966 मध्ये गेला.

या गोष्टीचा शेवट सहसा असा सांगतात, की ग्रिफिथ काळाच्या पुढे होता आणि अडाणी मॅनेजरनं त्याला चालू दिलं नाही. मला हे पटत नाही. ग्रिम अडाणी नव्हता, त्याला धोका बरोबर कळला होता. आपल्या पोरांच्या मनातलं जे बाहेर येईल ते वर जाणार आहे, हे त्यानं ओळखलं. आणि ग्रिफिथसारख्या हुशार माणसाला ते दिसलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. रेड ग्रेंज त्याच्याशी मोकळेपणानं बोलला, कारण तिथे ग्रेंजचं काही पणाला नव्हतं. कॅटलिनावर प्रत्येकाची रोजीरोटी पणाला होती. प्रश्न तेच, विचारणारा तोच, पण तो आता मालकाचा माणूस होता.

आज चित्र बदललंय का? बरंचसं. 2008 मध्ये गॅरी कर्स्टनबरोबर पॅडी अप्टन भारतीय संघात 'मेंटल कंडिशनिंग' कोच म्हणून आला. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. हाच अप्टन 2024 मध्ये गुकेशबरोबर होता, जेव्हा तो बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. खेळाडूनं सांगितलेलं मानसशास्त्रज्ञानं परस्पर बाहेर सांगायचं नाही, हा या व्यवसायाचा आता लेखी नियम आहे. आणि कब्ज? 1908 नंतर थेट 2016 मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा त्यांच्याकडे मनाच्या तयारीचा वेगळा विभाग होता.

पण 2020 मध्ये धोनी जाहीरपणे म्हणाला होता, की मानसिक बाजूनं आपण कुठे कमी पडतोय हे कबूल करायला आपल्याकडे लोक अजून कचरतात. बॅटिंगला गेल्यावर पहिल्या 5-10 चेंडूंना आपल्याही हृदयाचे ठोके वाढतात, थोडी भीती वाटते, हेही तो बोलला. धोनी! ज्याला आपण 'कॅप्टन कूल' म्हणतो. तो हे बोलला तेव्हा दोन वर्ल्ड कप त्याच्या खात्यात जमा होते. जिची उद्या तालुक्याची निवड आहे, तिला हे बोलता येतं का, आणि कुणाजवळ?

तुम्ही खेळत असाल, कबड्डी, कुस्ती, नेमबाजी, काहीही, तर मला लिहून पाठवा. सामन्याआधी पोटात गोळा येतो तेव्हा तुम्ही कुणाला सांगता? कोचला, मैत्रिणीला, आईला, की कुणालाच नाही? नावं वाचणार नाही, शब्द देते.

चला, भेटू पुढच्या भागात.