नोंदवहीने वाचवलेला खजिना

स्मरणिकेसाठी लेख मागायला कार्यकर्ते आले तेव्हा मी म्हटले, माझा जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर पावत्या लिहिण्यात गेला, मी काय लिहिणार? मग रोझ वालाँ आठवल्या.

पॅरिसच्या झ्यू द पोम संग्रहालयात त्या काम करीत. १९४० साली जर्मनांनी पॅरिस घेतले आणि ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रे तेथे जमा होऊ लागली. खुद्द गोअरिंग येऊन निवड करी. या साध्यासुध्या बाईंना जर्मन कळते, हे त्या लोकांना ठाऊक नव्हते. कोणते चित्र कोणाचे, कुठे रवाना झाले, हे बाई चार वर्षे गुपचूप टिपत राहिल्या. पकडल्या गेल्या असत्या तर जीवच गेला असता.

ऑगस्ट १९४४ मध्ये सेझान, पिकासो यांच्या चित्रांसह १४८ पेट्या जर्मनीसाठी गाडीत चढल्या. बाईंनी खबर पोचवली. रेल्वे कामगारांनी नाना खोळंबे काढून गाडी पॅरिसजवळच रखडवली. महिनाअखेर फ्रेंच सैन्याने ती ताब्यात घेतली. तुकडीचे लेफ्टनंट अलेक्झांडर रोझेनबर्ग यांना पेट्यांत आपल्याच वडिलांची चित्रे सापडली!

पुढे बाईंच्या टिपणांवरूनच बव्हेरियातील नॉयश्वानश्टाइन किल्ल्यातला मोठा साठा हाती लागला.

मंडळी, आपल्या कामाला लोक खर्डेघाशी म्हणतात. पण लुटलेली वस्तू मालकाला परत द्यायची तर ती कोणाची, हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. बाईंनी ते जिवावर उदार होऊन लिहिले.