मंगलवाद्ये आणि बेताचा खर्च

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘भगिनींच्या उपयोगी पडेल असे काही लिहा’ अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आपल्या मंडळात हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो, तो असा की, मुलीच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला थोडक्या पैशांत कोणते संगीत ठेवावे? वरकरणी हा प्रश्न हिशेबाचा दिसतो. परंतु आपल्या पणज्यांना तो अशा रूपाने पडतच नव्हता. तो केव्हा आणि का पडू लागला हे पाहिले, तर उत्तरही हाती लागेल, असे मला वाटते.

जुन्या लग्नघरात संगीताचे दोन भाग असत. एक दारावरचा आणि एक माजघरातला. दारावर सनई वाजे. एक जण मुख्य सनई वाजवी, दुसरा नुसता सूर धरी, आणि साथीला चौघडा किंवा संबळ असे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना आजही आपण पाहतो. त्याचीच लहान आवृत्ती म्हणजे लग्नमांडवाच्या दारावरचे वाजंत्री. गावोगावी गुरव, घडशी, मांग या समाजांकडे सनई, ताशा, हलगी यांचा वारसा होता. त्यांना धान्य, शिधा, ओवाळणी, पागोटे अशा रूपाने मानाचे काही मिळे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ज्याच्या सुराशिवाय कार्याला शोभा येत नसे, त्या हलगीवाल्याला पंगतीत जागा नसे. त्याचे पान मांडवाबाहेर, आणि तेही सर्वांच्या मागून.

माजघरातले संगीत बायकांचे. मुहूर्ताच्या जात्यावर बसताना ओव्या, घाणा भरताना गाणी, हळद लावताना गाणी, व्याह्यांच्या पंगतीत विहीण, आणि पाठवणीच्या वेळी सर्वांना रडवणारे गाणे. याला दिडकीचा खर्च नव्हता. खर्च नव्हता म्हणून त्याची किंमतही कोणी केली नाही. लग्नाच्या यादीत तेला-तुपाची नोंद असे, गाणाऱ्या बायकांची नसे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या संग्रहित केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खेड्यापाड्यांतील स्त्रीगीते छापून काढली, आणि हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा कुठे हे धन केवढे होते याचा आपल्याला अंदाज आला.

थोडक्या खर्चात अर्थपूर्ण लग्न कसे लावावे, याचा एक धडा पुण्यातच मिळालेला आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. पुरोहित नाही, दक्षिणा नाही, डामडौल नाही. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी आपल्या समाजाच्या विधींची आणि मंगलाष्टकांची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात, आणि वधू वराकडे स्त्रीच्या हक्कांविषयी वचन मागते! अक्षता टाकायला जमलेल्या मंडळींच्या कानांवर यापूर्वी असे शब्द कधी पडले असतील? पैशाने पाहिले तर त्या मंगलाष्टकांना काहीच लागले नाही. अर्थाने पाहिले तर त्यांच्या तोडीचे लग्नसंगीत मला दुसरे ठाऊक नाही.

मग पैशाचा प्रश्न आला कुठून? इंग्रजी पलटणींच्या आणि पुढे संस्थानांच्या बँडवरून शहरांत लग्नाचे बँड निघाले. गणवेश, पितळी वाद्ये आणि दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या, असा वरातीचा थाट झाला. बँडात माणसे किती यावरून लग्नघराची पत मोजली जाऊ लागली. १९०२ मध्ये कलकत्त्यास गोहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. १९०८ मध्ये तेथेच तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, म्हणून ती उलटायला एक माणूस यंत्रापाशी बसवावा लागे. पुढे ध्वनिक्षेपकाचा कर्णा आला आणि लग्न आहे ही वार्ता साऱ्या आळीला आपोआप कळू लागली.

येथे एक विचित्र गोष्ट घडली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी शहनाईला दारावरून उचलून मैफलीच्या मंचावर नेले. १९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर तिचे सूर निनादले आणि २००१ मध्ये उस्तादांना भारतरत्न मिळाले. वाद्याचा यापरता गौरव तो कोणता? परंतु त्यांच्याच ध्वनिमुद्रिका आणि मागाहून कॅसेट कार्यालयाकार्यालयांतून लागू लागल्या, आणि दारावरच्या सनईवाल्याला लोक म्हणू लागले, ‘तुमची गरज काय?’ यात उस्तादांचा काय दोष! स्वस्त यंत्र मिळताच आपण पहिली काटछाट माणसावर केली, एवढेच. माजघरातही तेच झाले. बायकांचे गाणे फुकटच होते, तरी कर्ण्यापुढे ते ऐकू येईना. आणि जे ऐकू येत नाही, ते हळूहळू म्हणेनासे होतात.

आज डीजेच्या भिंती उभ्या राहतात. निवासी भागात आवाज दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या आत हवा आणि उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक नको, असे २००० सालचे नियम सांगतात. पाळतो कोण हा प्रश्न वेगळा.

गेल्या वर्षी आपल्या एका भगिनीच्या मुलीचा स्वागत समारंभ होता. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. भावाला डीजे हवा होता. त्याचा दर ऐकून माऊली गप्प बसली. आम्ही चौघींनी बेत ठरवला. सनई आणि चौघड्याची चार माणसे संध्याकाळी दोन तासांसाठी सांगितली आणि आधी यमन, मग बिहाग वाजवण्याची विनंती केली. दर जो ठरला तो घासाघीस न करता दिला आणि त्यांची पाने पहिल्या पंगतीत मांडली. मध्ये अर्धा तास मंडळाच्या बायकांनी गाणी म्हटली. पाहुण्यांना एकमेकांशी बोलता आले, आणि स्वागत समारंभाला माणसे येतात ती त्यासाठीच. सगळा खर्च डीजेच्या निम्म्याहून कमी झाला. भाऊही शेवटी सनईवाल्यांच्या शेजारी जाऊन बसला होता.

मनाला लागले ते निराळेच. आमच्यातील सर्वांत वडील आजींनी विहीण धरली. दोन कडव्यांनंतर त्या दम घ्यायला थांबल्या, तर पुढचे शब्द आमच्यापैकी एकीलाही येईनात. तेरा जणी उभ्या होतो, आणि गाणे एकट्या आजींच्या कंठात होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मंडळाने या वर्षी दोन वह्या घालाव्यात. एकीत आपल्या भागातील सनई, संबळ, ताशा वाजवणाऱ्यांची नावे आणि त्यांचे वाजवी दर असावेत, म्हणजे गरजू घराला मध्यस्थाविना माणूस मिळेल. दुसरीत आजींची आणि त्यांच्या वयाच्या सर्वजणींची गाणी, चालीसकट शिकून, उतरवून घ्यावीत. पहिल्या वहीचे काम सावकाश झाले तरी चालेल. दुसरीचे मात्र येत्या मंगळवारच्या बैठकीपासून सुरू व्हावे. आजींनी यायचे कबूल केले आहे.