नवे यंत्र, जुने खेळ

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्राची, म्हणजे कन्सोलची, नवी पिढी येणार अशी वार्ता पसरू लागली की खेळणाऱ्यांच्या मागण्यांची यादी सिद्ध होते. चित्र अधिक रेखीव हवे, हालचाल अधिक ओघवती हवी, हातातला कंट्रोलर लवकर बिघडू नये, खेळ सुरू होईपर्यंत ताटकळावे लागू नये. यांतील बरीच कलमे यंत्रविद्येच्या प्रगतीबरोबर पुरी होतात. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या यंत्रांत फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविण्यात आली आणि ताटकळण्याची जुनी तक्रार पुष्कळशी निवाली. परंतु एक मागणी चाळीस वर्षांहून अधिक काळ तशीच उभी आहे. ती म्हणजे, जुन्या यंत्रासाठी पैसे मोजून घेतलेले खेळ नव्या यंत्रावर चालावेत. ही मागणी वरवर तांत्रिक भासते. वस्तुतः ती मालकीची आहे.

प्रारंभी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेले मॅग्नावॉक्स ओडिसी हे यंत्र १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आले. त्याला आवाज नव्हता, आणि खेळाचे रंगीत मैदान म्हणजे संचाच्या काचेवर चिकटविण्याचा एक पारदर्शक कागद होता. सोबत मिळणारी कार्डे यंत्रातीलच विद्युत्‌मंडले निरनिराळ्या प्रकारे जोडीत. खेळ असा त्यांच्यात काही साठविलेला नसे. हे चित्र १९७६ साली पालटले. फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनल एफ या यंत्रात, जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखालील चमूने, खेळाचा प्रोग्रॅम सुट्या कार्ट्रिजमधील चिपमध्ये ठेवण्याची सोय केली. यंत्र एकदा घ्यावे, खेळ मात्र हवे तितके घ्यावेत, असा हा नवा व्यवहार होता. पुढे १९९० च्या दशकात भारतीय बाजारांत निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला आल्या, तेव्हा आपल्याकडील मुलांनी याच डबीला ‘कॅसेट’ म्हटले आणि तिची शेजाऱ्यापाजाऱ्यांत सर्रास अदलाबदल केली. खेळाला हातात धरता येईल असे रूप लाभल्यामुळेच ही उसनवारी शक्य झाली.

या नव्या व्यवहाराचा लाभ सर्वांत अधिक घेतला तो अटारीने. तिचे १९७७ चे यंत्र, जे पुढे अटारी २६०० या नावाने ओळखले गेले, अमेरिकेतील लक्षावधी घरांत पोहोचले, आणि त्याबरोबर घरोघर कार्ट्रिजचे संग्रहही जमू लागले. मग १९८२ साली कंपनीने अटारी ५२०० हे अधिक समर्थ यंत्र काढले. पण त्यात जुनी कार्ट्रिजे चालत ना! गंमत अशी की, प्रतिस्पर्धी कोलेको कंपनीने आपल्या कोलेकोव्हिजन यंत्रासाठी अशी एक जोडणी विक्रीस आणली की तिच्या साहाय्याने अटारी २६०० चे खेळ त्यावर चालावेत. स्वतःच्या गिऱ्हाइकाचा संग्रह परक्याच्या यंत्रावर चालतो आणि आपल्या नव्या यंत्रावर मात्र नाही, असा हा प्रसंग! अटारीने न्यायालयात धाव घेतली. अखेर तडजोड झाली. त्यानंतरचे तिचे ७८०० हे यंत्र जुनी कार्ट्रिजे स्वीकारणारे होते, पण तोवर १९८३ च्या मंदीने अमेरिकेतील हा व्यवसाय पार कोसळला होता.

हा धडा पुढे सोनीने काही काळ तरी उत्तम गिरवला. २००० सालच्या प्लेस्टेशन २ वर आधीच्या यंत्राच्या तबकड्या चालत, शिवाय डीव्हीडीवरील चित्रपटही पाहता येत. सोळा कोटींच्या घरात पोहोचलेल्या त्याच्या खपाचे श्रेय एकट्या या सोयीला देता येणार नाही. तरी ज्याच्या घरी खेळांचा संग्रह होता त्याला नवे यंत्र घेताना काही गमवावे लागले नाही, हे खरे. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्येही आरंभी जुन्या यंत्राच्या चिपा बसविलेल्या होत्या. यंत्र महाग पडत होते. तेव्हा खर्च कमी करताना त्या चिपा काढून टाकण्यात आल्या. हिशेबाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे असले, तरी ज्यांच्या फडताळात तबकड्या होत्या त्यांना त्याचे समाधान कसे वाटावे?

सर्वांत मोठा खटका उडाला तो २०१३ साली. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वन चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवरून तपासणी करील, आणि वापरलेल्या खेळांच्या पुनर्विक्रीवर व उसनवारीवर बंधने राहतील, असे जाहीर झाले. इंटरनेट नसेल त्यांच्यासाठी जुने एक्सबॉक्स ३६० आहेच, असे उत्तर कंपनीच्या वतीने डॉन मॅट्रिक यांनी दिले. गिऱ्हाइकाला असे उत्तर देणे कोणत्याही दुकानदाराला महागच पडावयाचे. सोनीने त्याच जून महिन्यात एक अगदी छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत एक मनुष्य दुसऱ्याच्या हाती तबकडी देतो, आणि खेळ उसना देण्याची कृती तेवढ्यातच संपते. १९ जून रोजी मायक्रोसॉफ्टने माघार घेतली, आणि पुढे २०१५ पासून जुन्या एक्सबॉक्सचे निवडक खेळ नव्यावर चालविण्याची व्यवस्थाही केली. संघटना नसलेल्या गिऱ्हाइकांनी एवढ्या बलाढ्य कंपनीला अवघ्या काही आठवड्यांत नमविल्याची उदाहरणे विरळाच.

त्यानंतर मात्र तबकडीच मागे पडत चालली. २०२३ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. तेथील काही खेळ अन्यत्र विकतही मिळत नाहीत. २०२४ मध्ये युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर थांबविले, तेव्हा ज्यांच्याजवळ तबकडी होती त्यांचाही खेळ बंद पडला. यातून युरोपात जी चळवळ उभी राहिली, तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा केला तो असा की, ग्राहकाला वस्तू नव्हे, केवळ वापराचा परवाना दिला जात असेल, तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे.

५ जून २०२५ रोजी आलेल्या निन्टेन्डो स्विच २ वर आधीच्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात. परंतु त्याच यंत्रासाठी निघालेल्या काही कार्डांत खेळ नसतोच. असते ती केवळ किल्ली, आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. याच्या दीड वर्ष आधी, २०२३ च्या नोव्हेंबरात, अटारीच्या नावाने एक लहानसे नवे यंत्र विक्रीस आले होते. माळ्यावर पडलेले १९७७ चे कार्ट्रिज खाली काढून, धूळ पुसून त्यात बसविले की खेळ सुरू होतो.