गडावरील कारखानीस

बाजीप्रभू आणि मुरारबाजी यांच्यावर लेख नाही असा ज्ञातीचा अंक विरळाच. ते योग्यही आहे. १६६० ची घोडखिंड व १६६५ चा पुरंदर आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. परंतु ज्या प्रभूंनी अंबारखान्यात बसून, लेखणी हाती धरून गड राखले, त्यांच्याविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, असे मनात आले.

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तीत शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था दिलेली आहे. हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे एकाच दर्जाचे. तिघांनी मिळून कारभार करावयाचा. त्यांच्या जोडीस कारखानीस. गडाचा घेर मोठा असेल तर पाचसात तटसरनोबत नेमून तटाची वाटणी करून द्यावयाची. दरवाजे व कुलपे हवालदाराकडे, हजेरी व लिहिणे सबनिसाकडे, आणि धान्य, सामानसुमान व त्याचा जमाखर्च कारखानिसाकडे. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, अशी योजना होती. हेतू स्पष्टच आहे. एकट्याच्या मनात फितुरी आली तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये. एका गोतातील माणसे सहज एक होतात, हे महाराज ओळखून होते. यात अमुक जातीचा गौरव व तमुक जातीवर अविश्वास पाहणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. अविश्वास होता तो सर्वांवर सारखाच!

गडाखालच्या मेटांवर व घेऱ्यात रामोशी, महार, कोळी, बेरड रात्रंदिवस पहारा करीत. या मंडळींचे नाव कोणाच्याच स्मरणिकेत येत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

कामे वाटली म्हणजे ती आपोआप जुळतात, असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, जे १७१५ च्या सुमाराचे मानतात, या बाबतीत फार बारकाईने बोलते. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू व बाण बाहेर काढवावे, ऊन देववावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. कोठार एकाच्या ताब्यात, पण त्याकडे दुसऱ्याचेही लक्ष! कारखानिसाचा जमाखर्च खरा नसता, तर वेढ्याच्या काळी धान्य किती दिवस पुरेल हे हवालदारास कोण सांगणार होते?

पुढे जातींची ही वाटणी तितकी काटेकोर राहिली नाही. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्यास वेढा घातला, तेव्हा तेथील हवालदार प्रयागजी प्रभू होता. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये निवर्तले, सुरुंगाने तट ढासळला. तरी एप्रिलपर्यंत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ, त्याने गड लढविला. त्या वेळी त्याच्या अंबारखान्याचा हिशेब कोण लिहीत होता, ते आमच्या वाचनात आलेले नाही.