तोफा होत्या, गोळे नव्हते

१४ मे १९१५ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रणभूमीवरून आलेली एक तार छापली गेली. पाठवणारा होता पत्राचा लष्करी वार्ताहर, निवृत्त कर्नल रेपिंग्टन. पाच दिवसांपूर्वी, ९ मे रोजी, उत्तर फ्रान्समधील ओबेर रिजवर ब्रिटिश आणि हिंदी पलटणींनी चढाई केली होती. चाळीस मिनिटे तोफा चालल्या, मग शिट्ट्या वाजल्या आणि माणसे खंदकांतून वर आली. समोरच्या जर्मन मशीनगन शाबूत होत्या, काटेरी तारा बहुतेक ठिकाणी तुटल्याच नव्हत्या. त्या एका दिवसात अकरा हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली. आपल्याकडे उच्चस्फोटक गोळे पुरेसे नव्हते, हे त्या तारेचे सार होते.

पंधरवड्याच्या आत पंतप्रधान ॲस्क्विथ यांना उदारमतवादी सरकार मोडून संयुक्त सरकार बनवावे लागले. दरम्यान लॉर्ड नॉर्थक्लिफच्या 'डेली मेल'ने युद्धमंत्री किचनेर यांनाच गुन्हेगार ठरवले, तर लंडनच्या शेअर बाजारातील मंडळींनी 'डेली मेल'च्या अंकांची होळी केली. बातमी खरी होती, पण ती ऐकण्याची कुणाची तयारी नव्हती.

२०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यापासून पश्चिमी राष्ट्रांविषयी एक प्रश्न पुन्हा विचारला जातो आहे. या देशांचे कारखाने आणि त्यांचा समाज एखादे मोठे, लांबलेले युद्ध पेलू शकेल का? उत्तर देणारे बहुधा राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे पुढे ठेवतात. पण १९१४ मध्ये असे आकडे मांडले असते, तर ब्रिटनला गोळे कमी पडतील असे कुणाला वाटले असते? साऱ्या जगाला कापड, आगगाडीची इंजिने आणि जहाजे पुरवणारा तो देश होता. दहा महिन्यांत त्याचे सैन्य गोळ्यांवाचून अडले. ते का अडले हे नीट पाहिल्याशिवाय आजच्या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही.

आधी गोळा म्हणजे काय, ते पाहू. ब्रिटिश सैन्याची मुख्य तोफ अठरा पौंडी. युद्ध सुरू झाले तेव्हा तिच्यासाठी फक्त श्रापनेलचा गोळा होता, म्हणजे हवेत फुटून शिशाच्या गोळ्या उधळणारा. उघड्या मैदानातील माणसांवर तो भयंकर, पण खंदकात बसलेल्यांवर जवळपास निरुपयोगी. खंदक उद्ध्वस्त करायला स्फोटकाने भरलेला गोळा लागतो, आणि तो म्हणजे एक वस्तू नव्हे. पोलादी कवच, आतले स्फोटक, मागचे पितळी काडतूस, त्यातील कॉर्डाइट आणि टोकावरचा फ्यूज, असे पाच धंदे एका गोळ्यात एकत्र येतात. त्यातला एक मागे पडला की बाकीचे चार गोदामात धूळ खात पडतात.

कवच वळणे त्या मानाने सोपे होते. खरी अडचण फ्यूजची. घड्याळासारखी ही कळ तोफेतून सुटतानाचा धक्का सोसून फुटायची नाही, आणि जमिनीवर आपटताच फुटायला हवी. त्यासाठी इंचाच्या हजाराव्या भागात मापे सांभाळावी लागतात, आणि मापे सांभाळायची तर गेज हवेत. मी स्वतः काही वर्षे टूलरूममध्ये काढली आहेत. जॉब 'गो'मध्ये जातो आणि 'नो गो'मध्ये अडकतो, एवढ्या साध्या गोष्टीवर सारे उत्पादन उभे असते. पण ते गेज बनवणारा कारागीर तयार व्हायला पाच-सात वर्षे जातात. कारखान्याची इमारत सहा महिन्यांत उभी राहते, हा माणूस राहत नाही.

आणि नेमका हाच माणूस ब्रिटनने खंदकात पाठवला होता. किचनेरच्या हाकेला ओ देऊन १९१४ संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक तरुण स्वखुशीने सैन्यात भरती झाले. त्यांत टर्नर, फिटर, खाणकामगार, रसायनांच्या कारखान्यातील कामगार सगळे होते. १९१५ च्या मध्यापर्यंत अभियांत्रिकी कारखान्यांतील पुरुष कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा गणवेशात होता. देशप्रेमाची ही लाट इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. पण गोळ्यांच्या दुष्काळाचे एक मोठे कारण तीच लाट होती, हे क्वचितच सांगितले जाते. तिकडे युद्धखात्याने ऑर्डरींचा पाऊस पाडला होता, पण तो ओळखीच्या मोजक्या कंपन्यांवर. त्यांनीही सगळ्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या. मे १९१५ अखेर जेवढे गोळे हाती यायला हवे होते, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश आले होते.

जूनमध्ये युद्धसाहित्याचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. क्रू, डार्बी, स्विंडन इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपांत गोळे वळले जाऊ लागले. युद्ध संपेपर्यंत सरकारी मालकीचे दोनशेहून अधिक कारखाने झाले. आकडे डोळे दिपवणारे आहेत. १९१४ च्या पाच महिन्यांत ५ लाख गोळे. १९१५ मध्ये सुमारे ६० लाख. १९१६ मध्ये साडेचार कोटींच्या वर, आणि १९१७ मध्ये साडेसात कोटींच्या वर. लोकशाही देशाची औद्योगिक ताकद म्हणून हेच आकडे पुन्हा पुन्हा सांगितले जातात.

त्या आकड्यांच्या मागे सरकार कुठे कुठे शिरले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिल्यांदा ते कामगाराच्या हक्कांत शिरले. कुशल कारागिराचे काम तुकड्यांत वाटून ते नवख्यांकडून आणि स्त्रियांकडून करून घ्यायचे, याला तिकडे 'डायल्यूशन' म्हणत. संघटनांनी पन्नास वर्षे भांडून मिळवलेले नियम त्यासाठी गुंडाळून ठेवावे लागणार होते. मार्च १९१५ मध्ये सरकारने संघटनांशी करार केला, की युद्ध संपल्यावर सारे पूर्ववत करू. जुलैच्या कायद्याने युद्धसामग्रीच्या कारखान्यांत संप बेकायदा ठरला. मालकाचा दाखला नसताना नोकरी सोडणाऱ्याला सहा आठवडे दुसरीकडे काम मिळायचे नाही. मालकांच्या नफ्यावरही मर्यादा आली, पण कामगाराला टोचत होता तो दाखला. त्या वर्षी नाताळच्या दिवशी लॉइड जॉर्ज ग्लासगोत कामगारांसमोर बोलायला उभे राहिले, तर त्यांना धड बोलू दिले नाही. सभेचा खरा वृत्तान्त छापणाऱ्या 'फॉरवर्ड' या साप्ताहिकावर सरकारने बंदी घातली. मे १९१७ मध्ये सुमारे दोन लाख कामगारांनी संप केला तेव्हा कुठे तो दाखला रद्द झाला.

मग सरकार घरभाड्यात शिरले. ग्लासगोच्या गोवन भागात जहाजांच्या आणि गोळ्यांच्या कामासाठी माणसांचा लोंढा आला, तशी घरमालकांनी भाडी वाढवली. मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकाराने बायकांनी भाडे देणे बंद केले. जप्तीला माणूस आला की जिन्यावर घंटा वाजायची आणि त्याच्यावर पिठाचा मारा व्हायचा. नोव्हेंबर १९१५ मध्ये कारखान्यांतील पुरुषही कोर्टावर चालून आले, आणि डिसेंबरात सरकारने भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवली. मुंबईच्या वाचकाला यात आपले काहीतरी दिसेल. १९१८ मध्ये युद्धाचेच कारण देऊन मुंबईतही भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पागडीच्या चाळींची कूळकथा तिथून सुरू होते.

दारूच्या गुत्त्यांतही सरकार शिरले. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना इथे कॉर्डाइटचा चौदा किलोमीटर लांब कारखाना उभा राहिला, तेव्हा जवळच्या कार्लाइल गावातील पब आणि दारूच्या भट्ट्याच सरकारने विकत घेतल्या. मित्राला आपल्या पैशाने दारू पाजणे हा काही ठिकाणी गुन्हा झाला. दुपारी पब बंद ठेवण्याचा युद्धकालीन नियम इंग्लंडात १९८८ पर्यंत टिकला.

आणि सरकार माणसांच्या शरीरांतही शिरले. ग्रेटनाच्या मुली नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटनचे मिश्रण हातांनी मळत. टीएनटी भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडे, म्हणून लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत. त्या विषारी काविळीने शंभराहून अधिक बायका दगावल्या. ५ डिसेंबर १९१६ रोजी लीड्सजवळ बार्नबोला झालेल्या स्फोटात ३५ बायका गेल्या. जानेवारी १९१७ मध्ये लंडनच्या सिल्व्हरटाऊनमध्ये ७३ आणि जुलै १९१८ मध्ये चिलवेलला १३४ माणसे गेली.

गोळ्यांची संख्या वाढली, पण गोळे कसे होते? सोमच्या लढाईआधी जून १९१६ मध्ये आठवडाभर पंधरा लाखांहून अधिक गोळे डागले गेले. त्यांतला तिसरा हिस्सा फुटलाच नाही, असा अंदाज वारंवार दिला जातो. घाईत तपासणी सैल झाली होती आणि फ्यूज कच्चे होते. १ जुलैला ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक कामी आले किंवा जायबंदी झाले, त्यांतले १९,२४० मृत. म्हणजे ओबेर रिजनंतर एका वर्षाने गोळ्यांचे ढीग लागले होते, भरवशाचा गोळा मात्र अजून यायचा होता.

शिवाय हे सारे ब्रिटनने एकट्याने केले असे मानणे चूक आहे. १९१७ मध्ये त्याच्या गोळ्यांचा मोठा वाटा कॅनडातून येत होता. पोलाद, यंत्रे आणि धान्य अमेरिकेतून येत होते, तेही मॉर्गन बँकेमार्फत उधारीवर. १९१६ च्या अखेरीस डॉलर संपत आले होते. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली नसती तर गोळे नव्हे, आधी पैसे संपले असते. कॉर्डाइटला लागणारे ॲसिटोन लाकडापासून बने, तेही बरेचसे अमेरिकेतून येई. हाइम वाइझमन यांनी पिष्टापासून, जीवाणूंच्या मदतीने ते बनवण्याची रीत काढली. पण त्यासाठीचा मकाही बोटीनेच यायचा, आणि पाणबुड्या बोटी बुडवत होत्या. म्हणून १९१७ च्या शरद ऋतूत इंग्लंडमधील शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनट गोळा करायला लावले. कशासाठी ते सांगितले नाही. त्यांतल्या कित्येक चेस्टनटांचा रेल्वे स्टेशनांवर पडून कुजून चिखल झाला. आपल्याकडे त्याच वर्षी सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन म्युनिशन्स बोर्ड निघाले. ॲसिटोनसाठी नाशिकला कारखाना उभारला गेला, तो मोहाच्या फुलांवर चालवायचा म्हणून.

जर्मनीचे उदाहरण उलट बाजूने बोलते. १९१६ मध्ये हिंडेनबुर्ग कार्यक्रमाने तिथेही कारखाने युद्धाला जुंपले गेले. पण गोळ्यांसाठी कोळसा आणि रेल्वेचे डबे ओढले गेले, आणि त्या हिवाळ्यात शहरांनी सलगमवर दिवस काढले. जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनचे कामगार संपावर गेले. यंत्रे चालू होती, पण ती चालवणारा समाज आतून तुटत चालला होता.

आता आजचा प्रश्न. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात १० लाख गोळे देण्याचे वचन दिले, आणि मुदत संपताना त्याच्या निम्म्याच्या आसपासच पोहोचले. अमेरिकेत युद्धापूर्वी १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला १४ हजारांच्या घरात बनत. त्यांची कवचे बनवणारा स्क्रँटनचा कारखाना म्हणजे वाफेच्या इंजिनांचे जुने रेल्वे वर्कशॉप. टीएनटी बनवणे अमेरिकेने १९८०च्या दशकातच थांबवले होते, ते पोलंडमधून यायचे. पाच धंदे आणि एक मागे पडला की सगळे अडते, हे गणित १९१५ चेच आहे.

यावरून 'पश्चिम पोकळ झाला' असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मे १९१५ मध्ये ब्रिटनविषयी असेच म्हणता आले असते, आणि दोन वर्षांत ते खोटे ठरले असते. पण 'तेव्हा जमले, आताही जमेल' हेही पटत नाही. लॉइड जॉर्जला रेल्वेची चालती वर्कशॉप मिळाली, हाताला यंत्राची सवय असलेला अवाढव्य कामगारवर्ग मिळाला. आजच्या ब्रिटनमध्ये दहा नोकरदारांत कारखान्यात काम करणारा एकही धड भरत नाही. तेव्हा दोन वर्षे लागली, आता अधिक लागतील असे मला वाटते.

त्या दोन वर्षांत कुणीतरी मोर्चा धरून ठेवावा लागतो. १९१४-१५ मध्ये तो मुख्यतः फ्रेंच सैन्याने धरला, आणि ब्रिटनची लहानशी व्यावसायिक फौज त्यात जवळपास संपली. तिची जागा भरायला मुंबई-कराचीहून हिंदी फौज बोटीने मार्सेलला उतरवली गेली. मराठा पलटणी पुढे मेसोपोटेमियात गेल्या. फ्रान्सला गेले ते मुख्यतः गढवाली, शीख, गुरखे, पठाण, डोगरे. १० मार्च १९१५ ला न्यव्ह शापेलमध्ये चढाई करणाऱ्या सैन्यात निम्मे तेच होते. पस्तीस मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर गाव हाती आले, पण तीन दिवसांत गोळे संपत आल्याने पुढे जाता आले नाही. त्या तीन दिवसांत सुमारे चार हजार हिंदी सैनिक मेले किंवा जखमी झाले.

गावाबाहेरच्या चौकात १९२७ पासून त्यांचे स्मारक आहे. ज्यांचा देहही सापडला नाही अशा चार हजारांहून अधिक शिपायांची नावे तिथल्या गोल भिंतीवर कोरलेली आहेत. भोवतालच्या उत्तर फ्रान्समध्ये पेरणीच्या दिवसांत नांगराला अजूनही न फुटलेले गोळे लागतात. शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात, आणि सरकारी गाडी येऊन ते उचलून नेते.